काकूंच्या मिशा

सांगली
रविवार, रात्र

प्रिय सुध्या,

इकडे सगळे ठीक. आप्पांची साखर आटोक्यात आहे, गुडघे म्हणतील तसं चाललंय. आता ऐक. हे फोनवर सांगण्यासारखं नाही, आणि ग्रुपवर तर मुळीच नाही. तिथे बंड्या आहे.

काकूंचा एक फोटो सापडलाय. तू तो कधी पाहिलेला नाहीस, ताईनंही नाही. आप्पांच्या फोटो स्टुडिओतल्या जुन्या निगेटिव्ह मी स्कॅन करतोय हे तुला माहीत आहे. त्यात यशिका कॅमेऱ्यावर काढलेली एक चौकोनी निगेटिव्ह निघाली. मागे आप्पांचा तो राजवाड्याचा पडदा, पुढे डोक्याला मंदील, कमरेला तलवार, ओठावर पीळदार मिशा आणि एक पाय स्टुलावर. आणि या थाटात उभं कोण, तर काकू! तलवारीला लावलेला चंदेरी कागद मुठीपाशी फाटलाय, तेसुद्धा दिसतंय. नजर मात्र तीच रे. आपण उशिरा आलो की दारात असायची ती. आप्पांच्या वहीत 1970 साल, काकूंचं माहेरचं नाव आणि शेजारी लाल शाईनं लिहिलंय, ‘दोन प्रती. नेल्या नाहीत.’

भावे नाट्यमंदिराबाहेरून आपल्या दोघांना कान धरून घरी आणणाऱ्या काकू! आप्पांना खोदून विचारलं, तर म्हणाले, मैत्रिणीबरोबर आली होती, सगळी रंगरंगोटी इथंच केली. पुढे गप्प. त्यांचं गिऱ्हाईक ते, ते काही बोलायचे नाहीत.

आता खरी काळजी सांगतो. हे सगळे फोटो मी आपल्याच सर्व्हरवर ठेवतोय. लगेच ‘गुगल आहे की’ म्हणू नकोस, ते भांडण आपण घाटावर पुरेसं केलंय. फुकटात हवे तेवढे ठेवा म्हणणाऱ्यांनी 1 जून 2021 पासून पंधरा जीबीचं कुंपण घातलं, तेव्हा तुझा फोन आला होता, आठवतंय? असो. महिन्याला भाडं भरून एक छोटा सर्व्हर घेतलाय. त्यावर डेबियन हे लिनक्स, ब्राउझरला पानं आणि फाइली देणारा अपाची, डेटाबेससाठी मारियाडीबी, पीएचपी ही प्रोग्रॅमची भाषा आणि या सगळ्याच्या वर पिविगो, म्हणजे फोटोंची गॅलरी. पिविगो 2002 पासून चालू आहे, फुकट आहे आणि त्याचा कोड उघडा आहे. मला मुख्य आवडलं ते हे, की मूळ फाइल आहे तशी फोल्डरमध्ये राहते. उद्या पिविगो बंद पडलं तरी फोटो आपल्या हातात.

बसवायला फार त्रास नाही. डेटाबेस तयार करायचा, फाइली चढवायच्या, ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एक पान भरायचं. रखडलं ते पुढेच. आपली स्कॅन मोठमोठी. ब्राउझरमधून चढवत बसण्याऐवजी मी ती आरसिंक या फाइली पाठवणाऱ्या प्रोग्रॅमनं थेट गॅलरीच्या फोल्डरात ओतली आणि पिविगोला आतून सिंक करायला, म्हणजे ती नोंदवून घ्यायला सांगितलं, तर त्यानं अर्धी फोल्डरं नाकारली, कारण नावं देवनागरीत होती. म्हणून फोल्डरांना इंग्रजी अक्षरं आणि वर दिसणारी शीर्षकं मराठीत. मग छोट्या प्रती बनवताना सर्व्हरची मेमरी संपली आणि लिनक्सनं डेटाबेसच मारून टाकला. स्वॅप दिल्यावर, म्हणजे डिस्कचा थोडा भाग मेमरीसारखा वापरायला दिल्यावर, ते थांबलं. ही असली कामं मला मनापासून आवडतात, तू नुसता हूं हूं करत ऐकतोस तरी.

तर प्रत्येक घराचा वेगळा अल्बम, प्रत्येक अल्बम खासगी, आणि ज्याचा त्यालाच दिसेल असं खातं. 2005 च्या पुरात गेलं, 2019 च्या पुरात गेलं. गावभागात, पेठेत किती घरांत लग्नाचा एक फोटो उरलेला नाही. तुमच्या घरातल्या अल्बमांचा लगदा मीच पाटीनं बाहेर काढलाय. तेव्हाच ठरवलं होतं की आप्पांच्या माळ्यावर जे वाचलंय, ते ज्याचं त्याला परत मिळालं पाहिजे.

काकूंचा फोटो तुझ्या अल्बमात टाकला. कुलूप लावलं. मग खात्री करावी म्हणून लॉगआउट होऊन फाइलचा पूर्ण पत्ता टाकला, आणि सुध्या, काकू मिशांसकट समोर हजर! पासवर्ड नाही, काही नाही. खासगी केलं की पान लपतं. फाइल अपाची देतो, आणि पिविगोच्या कुलपाशी त्याचं काही देणंघेणं नाही. पत्ता ठाऊक असेल त्याला दार उघडंच.

त्या रात्री झोप नाही. जिनं तो फोटो स्वतःच्या घरातसुद्धा नेला नाही, तिचा फोटो असा चव्हाट्यावर! मूळ फाइलींच्या फोल्डरांना आता अपाचीतूनच बंदी घातलीय आणि पिविगोलाही सांगितलंय की मूळ फोटो परवानगी तपासूनच दे. पण तो ज्या छोट्या प्रती बनवून ठेवतो, त्यांचा पत्ता तसाच उघडा राहतो. म्हणून सगळ्या साइटलाच बाहेरून एक पासवर्ड घातलाय. म्हणजे म्हाताऱ्या माणसांनी दोन पासवर्ड टाकायचे. बंड्या म्हणतो, काढ तो बाहेरचा, कोण कशाला पत्ता शोधत बसतंय. बंड्याचं काय, तो घराला कुलूप लावून किल्ली पायपुसण्याखाली ठेवतो आणि गल्लीभर सांगतो. मी काढणार नाही. लोकांनी आप्पांवर विश्वास टाकून काढलेले फोटो आहेत हे. ज्यांना जमणार नाही त्यांच्या घरी मी जाऊन उघडून देईन.

काकूंचा फोटो सर्व्हरवरून पूर्ण काढलाय, छोट्या प्रतींसकट. स्कॅन घरच्या डिस्कवर आहे, निगेटिव्ह आप्पांच्या कपाटात. ताईला दाखवायचा का, हे तू ठरव. माझं मत विचारशील तर दाखवावा. ताईनं कॉलेजात नाटक सोडलं ते काकूंच्या धाकानं, आणि अजून ती ते बोलून दाखवते. तिला हे कळायला हवं असं मला वाटतं. पण काकूंनी पन्नास वर्षं झाकलेलं आपण कोण उघडणार, असंही वाटतं. दिवसभर हेच चाललंय डोक्यात.

आणि यशिका तूच पाडला होतास. ते आज मिटलेलं नाही.

एक काम आहे. आयर्विन पुलाशी कृष्णेचं पाणी पंचेचाळीस फुटांवर गेलं की इथलं काही खरं नसतं, म्हणून बॅकअप सांगलीबाहेर हवा. पुण्यात तुझ्याकडे दोन टेराबाइटची डिस्क ठेव. डेटाबेसचा डंप, म्हणजे त्याची पूर्ण प्रत, आणि फोटो रोज रात्री आपोआप येतील, तू फक्त ती चालू ठेवायची. वहिनींना सांग, प्लग काढू नका.

नवीन ऑफिस कसं आहे? छोटीची बारावी झाली ना, आता काय म्हणते? वहिनींच्या पाठीचं काय झालं? सविस्तर लिही.

ताईबद्दल मात्र आधी कळव. तोवर तो फोटो इथून हलणार नाही.

तुझा,
दिल्या