गिअर मोजण्याआधी पाय मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सायकल कोणती घ्यावी यावरचा लेख वाचला. लेख चांगला आहे. पण आपल्याकडच्या खराब रस्त्यांना पुढे शॉकअप आणि जाड टायर असलेली सायकलच बरी, हे वाचलं आणि हातातला चहाचा कप खाली ठेवला. हेच वाक्य २०२२ च्या जूनमध्ये शहरातल्या एका दुकानदाराने मला ऐकवलं होतं. त्या एका वाक्याचे मी १४ हजार रुपये मोजले.

मी लातूरला राहते. औसा रस्त्यावरच्या एका गावातल्या शाळेत विज्ञान शिकवते. घरापासून शाळा ९ किलोमीटर. आधी स्कूटीवर जायचे. महिन्याला पाचशेच्या आसपास किलोमीटर होतात, म्हणजे शंभराच्या वरच्या भावाने अकरा लिटर पेट्रोल. शिवाय डॉक्टरांनी साखर दाखवली आणि 'चाला' म्हणाले. ९ किलोमीटर चालत जाऊन पहिला तास घ्यायचा म्हणजे पहाटे पाचला निघावं लागेल, म्हणून सायकल. घरचे म्हणाले, बाई, ह्या वयात? माझं वय तेव्हा ४४ होतं. आमच्या शाळेत सरकारच्या मानव विकास योजनेतून सायकली मिळालेल्या मुली रोज चार-चार किलोमीटर येतात. त्यांना कुणी वय विचारत नाही.

तर ती पहिली सायकल. लाल रंग, पुढे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, २१ गिअर. 'मॅडम, पोरं हीच नेतात,' दुकानदार म्हणाला. चालवून बघू का विचारलं तर सीटवरचं प्लॅस्टिक फाटेल म्हणाला. घरी आणून भाच्याच्या वजनकाट्यावर ठेवली तर भरली १८ किलो. गिअर मोजण्याच्या नादात मी तिच्या दांडीवर पाय टाकून एकदा उभीही राहिले नव्हते. माझी उंची ५ फूट १ इंच, फ्रेम १८ इंची. सिग्नलला थांबायचं म्हणजे सायकल एका अंगाला झुकवायची, एक टाच टेकवायची आणि देवाचं नाव घ्यायचं.

शॉकअपचं म्हणाल तर खड्ड्यात ते काम करतं, खोटं कशाला बोलू. पण माझ्या ९ किलोमीटरपैकी साडेआठ किलोमीटर चांगला चौपदरी डांबरी रस्ता आहे. त्यावर जोर लावून पायडल मारलं की पुढची स्प्रिंग खाली-वर होते, आणि मी लावलेल्या जोरातला थोडा जोर ती खाऊन टाकते. दोन इंची खोबणीदार टायर डांबरावर भुंग्यासारखे घुमतात. आवाज छान येतो, सायकल मात्र पुढे जात नाही. त्यात आमच्याकडे चढ नसला तरी वारा आहे. जून-जुलैत तो पश्चिमेकडून येतो, आणि औशाकडे निघालं की सकाळभर तोंडावर. त्या दोन महिन्यांत शाळेत पोचायला पाऊण तासाच्या वर लागायचा, आणि परिपाठाला मी घामाने निथळत उभी. परतताना तोच वारा पाठीशी, तेव्हा मात्र राणीसारखी यायचे.

दोन वर्षं काढली आणि ती सायकल निम्म्या पैशांत भाच्याला दिली. तो खूश आहे. त्याला कॉलेजच्या गेटपर्यंतच जायचं असतं.

२०२४ मध्ये दुसऱ्यांदा घेतली ती हायब्रिड. नाव मोठं आहे, गोष्ट साधी. शर्यतीच्या सायकलचं मोठं, हलकं, ७००-सी मापाचं चाक, पण टायर तिच्यासारखं २५ मिलिमीटरचं नव्हे तर ३५ ते ४० च्या आसपासचं, आणि हँडल सरळ, म्हणजे पाठ फार वाकत नाही. सहा दिवस शाळा आणि सातव्या दिवशी औशाचा भुईकोट किल्ला, अशी माझी मागणी. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. अधूनमधून पहाटे लवकर निघून खरोशाच्या लेण्यांपर्यंत, पण परत येताना टेम्पोत. त्यालाही माझी ना नाही.

या खेपेला दुकानात जाण्याआधी घरी एक काम केलं. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभी राहिले, शाळेचं जुनं पुठ्ठ्याचं हजेरीपुस्तक दोन पायांत घट्ट वर धरलं आणि त्याच्या वरच्या कडेपाशी मुलीला पेन्सिलने खूण करायला सांगितली. जमिनीपासून त्या खुणेपर्यंत ७१ सेंटिमीटर. मग दुकानात टेप घेऊन गेले आणि प्रत्येक सायकलची दांडी जमिनीपासून किती उंच ते मोजलं. दुकानातली पोरं हसली, हसू दे. दांडीवर पाय टाकून दोन्ही तळवे सपाट टेकले पाहिजेत आणि वर दोन-तीन बोटं मोकळी राहिली पाहिजेत. मला १५ इंची फ्रेम बसली, तीही उतरत्या दांडीची. पंजाबी ड्रेसवर ती सोयीची. सीट किती वर हवी, तर पायडल अगदी खाली असताना टाच ठेवली की पाय सरळ व्हावा. एवढं जमलं की गुडघे कुरकुरत नाहीत.

शॉकअप नाही, पुढचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाय, साधा. वजन साडेतेरा किलो. २१ गिअर याही सायकलला आहेत, पण खरं सांगते, तीनच वापरते: एक सपाटीचा, एक वाऱ्याचा, एक उड्डाणपुलाचा. पुढच्या तीन चकत्या आणि मागच्या सात मिळून २१ होतात हे खरं, पण त्यातले कित्येक एकमेकांच्या इतके जवळ आहेत की पायाला फरक कळत नाही. पुढे एकच आणि मागे आठ असलेली मिळाली तर ती घ्या, बिघडायला एक गोष्ट कमी. ब्रेक मी रिमवर दाबणाऱ्या रबरी गुटक्यांचे घेतले, डिस्क नाही. गुटके घासले तर फाट्यावरचा मिस्त्रीही दहा मिनिटांत बदलतो. मात्र तुमची वाट शेतातून जात असेल तर डिस्कच घ्या. आपली काळी माती पावसात टायरला अशी बिलगते की गुटके आणि मडगार्ड यांच्यात गोळा होऊन चाक फिरायचंच थांबतं. मला ते एकाच दिवशी भोगावं लागलं, तेवढं पुरे झालं.

कॅरिअरविषयी माझा हट्ट वेगळा आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला यायची, ते दिवस इथला माणूस विसरणार नाही. आमच्या घरी वडिलांची काळी सायकल होती. तिच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी कॅन बांधून आम्ही टँकरमागे पळालो आहोत. त्यामुळे ज्या सायकलवर सामान बांधता येत नाही ती मला सायकलच वाटत नाही. हायब्रिड दुकानातून नागडी येते: मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, चेनकव्हर नाही, कधी स्टँडही नाही. फ्रेमला मागच्या चाकापाशी आणि सीटखाली स्क्रूची भोकं आहेत का ते वाकून बघा. भोकं नसतील तर कॅरिअर क्लिपांवर बसवावं लागतं, आणि वह्यांचे दोन गठ्ठे ठेवले की ते मागे लोळतं. चेनकव्हर तर ओढणी घेणाऱ्या प्रत्येकीने बसवून घ्यावं. माझी एक ओढणी चेनने खाल्ली आहे.

आता पंक्चर. हा विषय आपल्या लेखात दोन ओळींत उरकला आहे, आणि मराठवाड्यात सायकल चालवणाऱ्याचं अर्धं आयुष्य त्यातच जातं. बाभळीचा काटा एक वेळ दिसतो. सराटा, म्हणजे ते बारीक काटेरी बोंड, दिसत नाही. वाळलेला सराटा कसाही पडला तरी त्याचा एक काटा वर असतोच, आणि रस्त्याच्या कडेची जी पट्टी सायकलवाल्याच्या वाट्याला येते तिथेच तो पसरलेला असतो. पहिलं पंक्चर झालं तेव्हा मी मोठ्या ऐटीत ट्यूब बदलली आणि एक किलोमीटरवर पुन्हा खाली बसले. काटा टायरमध्येच होता. विज्ञानाची शिक्षिका! तेव्हापासून कापसाचा बोळा जवळ ठेवते. तो टायरच्या आतून फिरवायचा, जिथे तंतू अडकतील तिथे काटा. बोटाने शोधाल तर बोटातच जाईल.

पण खरी गंमत फाट्यावर झाली. पंक्चरवाल्या मामांनी माझ्या चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, ह्याच्यात हवा भरावं कुठून वो? हे तर पेन्सिलच्या टोकावानी हाय."

काही हायब्रिडच्या ट्यूबला तो बारीक, टोकाला चिमुकला नट असलेला वॉल्व असतो. त्याला मोटारसायकलच्या हवेची नळी बसत नाही. एक पितळी टोपी मिळते, ती लावली की बसते. तीस-चाळीस रुपयांची वस्तू, पण दुकानदाराने ती दिली नव्हती, सांगितलंही नव्हतं. जमलं तर मोटारसायकलसारख्या जाड वॉल्वची ट्यूबच मागा.

ट्यूब-टायरचं आणखी एक. आपल्या जुन्या काळ्या सायकलचं २८ इंची टायर आणि हायब्रिडचं ७००-सी दिसायला सारखंच मोठं, पण एकाचं दुसऱ्यावर चढत नाही. जुन्या २८ × १½ च्या रिमचं माप ६३५ मिलिमीटर, हायब्रिडचं ६२२. टायरच्या कडेला ३७-६२२ असे आकडे उठवलेले असतात, त्यातला दुसरा आकडा पाठ करा. २९ इंची म्हणून विकतात त्या सायकलींचं रिमही ६२२ चंच, त्यामुळे ट्यूब नडली तर तिथे शोधता येते. गावात मात्र ६२२ ची ट्यूब मिळेल या भरवशावर राहू नका. माझ्या पिशवीत डब्यासोबत एक ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, सोल्युशन आणि ठिगळं असतातच. हवा किती भरायची तेही टायरच्याच कडेला लिहिलेलं असतं. हवेचा दाब दाखवणारा काटा असलेला पायपंप घ्या आणि दर रविवारी भरा. हवा कमी असली की खड्ड्यात रिम ट्यूबला चावतं आणि एकाच वेळी दोन भोकं पडतात.

किमतीविषयी लेखात जुना कर छापला आहे. मी घेतली तेव्हा सायकलवर १२ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के आहे. पक्कं बिल मागा. आणि ऑनलाइन मागवून घरी जोडणार असाल तर पुढचा चिमटा उलटा तर बसला नाही ना, एवढं पाहा. चिमट्याचा बाक पुढे हवा आणि गुटक्यांचा ब्रेक असेल तर तोही पुढच्या बाजूला. उलट्या चिमट्याने मजेत फिरणारी पोरं आमच्या गल्लीत दोन आहेत. एकाला थांबवून सांगितलं तर म्हणाला, 'स्टाइल आहे, काकू.'

संपादक महोदय, तक्रार म्हणून नव्हे, विनंती म्हणून लिहिते. पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा सायकलीच्या फोटोखाली गिअर किती हे लिहिण्याआधी फ्रेम किती इंची, वजन किती किलो आणि टायरचं माप काय, हे तीन आकडे छापा. वाचक ते आकडे घेऊन दुकानात गेले की दुकानदारही विचारायला लागतील.

आमच्या शाळेच्या आवारात मुलींच्या ३१ सायकली उभ्या असतात. सगळ्या एका मापाच्या, मुली मात्र आठवीच्याही आणि दहावीच्याही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी पाना घेऊन बसते आणि सीटा वर-खाली करून देते. आठवीतल्या तिघींच्या सीटा अजून हलत नाहीत, पाइप आत गंजून बसला आहे. तेल सोडून ठेवलं आहे. सोमवारी पुन्हा बघते.

आपली,
एक शिक्षिका, लातूर
(नाव छापू नये. भाचा आपला पेपर वाचतो.)