क्रीझ सोडणाऱ्याला जाब विचारा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या क्रीडापानावर १४ वर्षांखालील क्रिकेट सामन्याची बातमी आहे. चेंडू टाकण्याआधीच क्रीझ (रेघ) सोडून निघालेल्या नॉनस्ट्रायकरला, म्हणजे गोलंदाजाच्या टोकाच्या फलंदाजाला, बेल्स उडवून धावचीत करणाऱ्या मुलाचे नाव छापून त्याने ‘खिलाडूवृत्तीला काळिमा फासला’ असे लिहिले आहे, आणि वर मथळा ‘मंकडिंग’चा. त्या पोराने असा कोणता गुन्हा केला?

आधी त्या शब्दाविषयी. १३ डिसेंबर १९४७ रोजी सिडनी कसोटीत भारताच्या विनू मंकड यांनी ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राऊनला असे बाद केले. त्याआधीच्या दौऱ्यातील सामन्यात त्यांनी ब्राऊनला ताकीद दिली होती आणि तरीही तो निघाला तेव्हा बाद केले होते. कसोटीत त्याने पुन्हा तेच केले. प्रतिस्पर्धी कर्णधार ब्रॅडमन यांनीही मंकड यांचीच बाजू घेतली. तरी डाग लागला तो मंकड यांच्या आडनावाला. आपल्याच वर्तमानपत्रांनी तो अजून का मिरवावा?

ऑक्टोबर २०२२ पासून क्रिकेटच्या नियमांत हा प्रकार ‘अनुचित खेळ’ या कलमातून काढून धावचीतच्या ३८व्या कलमात घातला आहे. ताकीद देण्याची अट नियमात नाही. गोलंदाज धावू लागला की चेंडू खेळात येतो. तेव्हापासून त्याचा हात नेहमीच्या शैलीत सर्वांत वर पोहोचेपर्यंत बेल्स उडवता येतात. हात त्यापुढे गेला की संधी संपली. जानेवारी २०२३ मध्ये मेलबर्नला गोलंदाज ॲडम झाम्पाचा हात असाच पुढे गेला होता, म्हणून फलंदाज नाबाद ठरला. म्हणजे चेंडू टाकल्याचे सोंग करून कोणाला फसवता येत नाही. अपील फेटाळले तर पंच डेड बॉल (चेंडू खेळाबाहेर) देतात आणि तो चेंडू षटकात मोजत नाहीत.

दोन्ही टोकांच्या पॉपिंग क्रीझमध्ये, म्हणजे फलंदाजाने ज्यांच्या आत राहायचे त्या रेघांमध्ये, अंतर ५८ फूट. तीन फूट आधीच पुढे सरकलेल्याला ५५ फूटच धावायचे असते, आणि चोरटी धाव तर वीतभर अंतरावर ठरते. गोलंदाजाची टाच इंचभर पुढे पडली तर नो-बॉल. मग फलंदाजाला तीन फूट माफ का? १९८० मध्ये वानखेडेवर भारताचे कर्णधार विश्वनाथ यांनी बाद दिलेल्या इंग्लंडच्या बॉब टेलरला परत बोलावले, कारण पंचांचा निर्णय चुकला असे त्यांना वाटले. ती खरी खिलाडूवृत्ती. तिथे टेलरने काही लांबवले नव्हते.

मुलांचे चुकते ते नजरेत. ती स्ट्रायकरकडे बघत गोलंदाजाच्या लयीत पुढे चालू लागतात. बॅटचे टोक रेघेच्या आत टेकवून गोलंदाजाच्या हाताकडे बघायचे आणि चेंडू सुटलेला दिसला की निघायचे, हे नेटमध्येच घोटून घ्यायला हवे. बॅट रेघेवर टेकली तर उपयोग नाही. रेघेची आतली कड हीच क्रीझ.

आणखी एक. जामठ्याच्या मोठ्या स्टेडियमवर रेघ ठसठशीत असते, पण शहरातल्या मैदानांवर चुना फक्त खेळपट्टीच्या रुंदीपुरता मारतात आणि दहाव्या षटकापर्यंत तोही पुसतो. नियमाप्रमाणे मधल्या स्टंपच्या दोन्ही बाजूंना किमान सहा फूट रेघ हवी. नॉनस्ट्रायकर उभा असतो तिथे रेघच नसेल तर त्याला आणि पंचांना काय दिसणार? डब्बाभर चुना आणि डावाच्या मध्यावर पाच मिनिटे, आयोजकांना एवढेही जमू नये?

त्या मुलाविषयीची दुरुस्ती उद्याच्या अंकात, त्याच पानावर छापावी ही विनंती.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर