अंगणवाडीच्या ताईंना, एका कव्हराबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

माझ्या मुलीच्या कृतिपुस्तिकेच्या कव्हरावर तुम्ही ज्या रीतीने तिचे नाव लिहिलेत, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. समोर येऊन बोलायला गेले असते तर मुलांच्या गलक्यात मलाच रडू फुटले असते. शिवाय हे चार लोकांनी वाचावे असेही मनापासून वाटते, म्हणून उघडपणे लिहिते.

तुमच्याकडे येण्याआधी ती एका खासगी बालवर्गात जात होती. पुस्तिकेला घरून सजवलेले कव्हर घालून पाठवा, अशी तिथून सूचना आली, तेव्हा तिने खाकी कागदावर बोटांनी रंगाचे ठिपके उमटवले आणि घोटीव कागदाचे तुकडे फाडून त्यांच्या मधोमध चिकटवले. कातर अजून तिच्या हातात नीट बसत नाही, पण कागद ती फार मन लावून फाडते. पुस्तिका परत आली ती त्या तुकड्यांवरच छापील पांढरे लेबल डकवून, आणि डायरीत ओळ होती की कव्हर स्वच्छ व एकसारखे असावे. त्यानंतर कागद आणि डिंक पुढे ठेवला की ती म्हणायची, "आई, तूच कर. बाईंना माझं आवडत नाही." चार वर्षांच्या लेकीच्या तोंडून हे ऐकताना जिवाचे पाणी होते. लेबल डकवणाऱ्या हाताला त्या कागदामागचे मूल दिसले नाही, याचा राग मला आजही आहे आणि तो मी लपवणार नाही.

तुमच्याकडे मात्र सगळे सामान घरादारातले होते: जुन्या कॅलेंडरांचे पाठकोरे कागद, गेरू, हळद, झाडाखालची पाने, आडवी कापलेली भेंडी आणि वाटीत कणकेची खळ. बाइंडर लोक खळीला कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. मुलांची बोटे तोंडात जातात म्हणून तुम्ही ते कटाक्षाने टाळता आणि दर वेळी ताजी खळ शिजवता, हे मला तुमच्या मदतनीस ताईंकडून कळले. भेंडीची पाच पाकळ्यांची फुले सगळ्याच मुलांनी उमटवली, तरी एकाचे कव्हर दुसऱ्यासारखे झाले नाही आणि तुम्ही ते होऊ दिले नाहीत. माझी लेक बराच वेळ नुसती पाहत होती. मग तिने चिकूचे एक लांबट पान उचलले, खळीत बुडवले, कागदावर तिरके थापले आणि जाहीर केले, "हा बोंबील." त्याच्याखाली गेरूची बोटे ओढून तिने पाणी केले.

नंतर तुम्ही पेन घेऊन आलात. आहार वाटायची वेळ झाली होती, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवरच्या नोंदी राहिल्या होत्या आणि फोन सारखा वाजत होता. अशा वेळी तुम्ही तिच्याशेजारी जमिनीवर बसलात आणि तिला विचारलेत, "तुझं नाव कुठं लिहू?"

तिने आधी तुमच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. बोट कोपऱ्यात ठेवले, उचलले, पानाच्या देठाशी नेले, पुन्हा उचलले. पेनाचे टोपण काढून तुम्ही तशाच बसून राहिलात. घाई केली नाहीत, जागाही सुचवली नाहीत. अखेर ती म्हणाली, "पाण्यात." गेरूच्या दोन रेघांमधल्या चिंचोळ्या जागेत तुम्ही बारीक अक्षरात तिचे नाव लिहिलेत. गेरू ओला होता, त्यामुळे शाई जराशी पसरली. ती पसरलेली वेलांटी तिने त्या दिवशी घरी येईल त्याला दाखवली.

मोठ्या माणसाच्या वहीवर आपण न विचारता रेघसुद्धा ओढत नाही. मुलाच्या कागदावर मात्र आपण सरळ लिहितो, खोडतो, वरून लेबल लावतो आणि त्यालाच नीटनेटकेपणा म्हणतो. आपल्या याच डहाणू तालुक्यात, बोर्डीला, १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तिथे त्यांच्या सोबतीला आल्या आणि महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने यांवर दोघींनी बालवाड्या चालवल्या. कोसबाडच्या परिसरात तर पाड्यावरची मुले शाळेत येईनात, म्हणून त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. मूल जिथे आहे तिथवर आपण जायचे, हा त्या कामाचा गाभा होता, आणि तुम्ही जमिनीवर बसलात तेव्हा तो मला डोळ्यांनी पाहायला मिळाला. तुटपुंज्या मानधनावर, रजिस्टरे आणि वजनकाटा सांभाळत तुम्ही हे करता, याची जाण आमच्यासारख्या पालकांनी ठेवली पाहिजे. भपकेबाज फलकांना भुलून आम्ही ती ठेवत नाही, याचे फार वाईट वाटते.

परवा तिने आपणहून खळ मागितली. आजोबांच्या औषधांच्या वहीला कव्हर घालायचे होते. ठसे उमटवून झाल्यावर ती वही घेऊन आजोबांकडे गेली आणि त्यांचे नाव कुठे लिहायचे ते तिने त्यांना विचारले.

ताई, आमच्या इमारतीतली जुनी कॅलेंडरे मी गोळा करायला घेतली आहेत. सोमवारी गठ्ठा घेऊन येते. गेरू कमी पडत असेल तर तोही सांगा.

आपली कृतज्ञ,
तुमच्या अंगणवाडीतल्या एका मुलीची आई