तू मला वेडावत नव्हतीस

प्रिय सुमे,

दीड वर्षात ना पत्र, ना फोन. मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी आहे, गुडघा कुरकुरतो, तो कुरकुरणारच.

खरं तर तुझी माफी मागायची आहे. पण सरळ मागितली तर ती मी कसली! आधी ईराचं ऐक.

गेले सात-आठ महिने ती आमच्याबरोबर जेवायला बसत नव्हती. आधी अभ्यासाचं निमित्त, मग भूक नाही, मग ताट घेऊन थेट खोलीत. बारा वर्षांची पोर, वयच असं, म्हणून मी सोडून दिलं. एका रात्री मात्र हट्टाने समोर बसवलं. पाचव्या घासाला तिचे कान लाल, मुठी आवळलेल्या. आणि मी चावतेय तसतसं तिचंही तोंड हलतंय, रिकामंच, हुबेहूब माझ्यासारखं. मला वाटलं, वेडावतेय कार्टी. मी हात उगारला. ती ओरडली, "आई, मी मुद्दाम नाही गं करत, तू चावायची थांब ना!" आणि ढसाढसा रडायला लागली. माझा हात तसाच राहिला, कारण मला एकदम तू दिसलीस.

हॉस्टेलची आपली खोली नंबर अकरा. मी काहीतरी कुडुमकुडुम चावत वाचत बसलेली आणि तू समोर, अशीच तोंड हलवत. मी फणी फेकून मारली होती. मग मजलाभर सांगत सुटले, की राणीसरकारांना आमचं खाणंसुद्धा ऐकवत नाही. पुढचे चार महिने मुद्दाम आवाज करून खाल्लं, सुमे. मुद्दाम! तू खोली बदलून मागितलीस तो मी विश्वासघात समजले. (फणी मात्र तूच मोडलीस, ते आता तरी कबूल कर.)

ईराचे कान तपासले. ऐकणं ठणठणीत. तिथल्या ऑडिऑलॉजिस्ट बाईंनी शांतपणे सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, मिसोफोनिया. चावणं, भुरके, नाक ओढणं, पेनाची टिकटिक असे ठरावीक आवाज, बारीक असले तरी, ऐकले की संताप, किळस, पळून जावंसं वाटणं. बहुतेकांना लहानपणी किंवा वयात येताना सुरू होतं. हे नावच मुळी २००१ साली जास्ट्रेबॉफ ह्या संशोधक दांपत्याने दिलं. म्हणजे आपण भांडलो तेव्हा तुझ्या त्रासाला नावसुद्धा नव्हतं. फक्त माझी नावं होती, नकचढी वगैरे.

मी तोंड हलवण्याचं विचारलं, तेव्हा बाईंनी सांगितलं. २०१७ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठातल्या सुखबिंदर कुमार ह्यांच्या गटाने अशा लोकांच्या मेंदूची चित्रं घेतली. त्रासाचा आवाज आला की इन्सुला नावाच्या भागात भलतीच खळबळ, हृदयाचे ठोके वाढलेले, घाम. पुढे २०२१ मध्ये त्याच गटाला दिसलं, की कानावर पडणारं आणि तोंड-घसा हलवणारा मेंदूचा भाग ह्यांचं ह्या लोकांत जरा जास्तच गूळपीठ असतं. माझं चावणं ऐकताना जणू तिच्याच तोंडात शिरतं. कित्येक जण नकळत तीच हालचाल करतात, तेवढंच सुसह्य होतं म्हणे. म्हणजे तू मला वेडावत नव्हतीस. तू कशीबशी माझ्याजवळ बसून राहायला बघत होतीस. आणि मी फणी मारली.

हे कळल्यापासून झोप नीट नाही. त्यात खुपतं ते असं, की शेजारचा पोरगा मचमच करत खातो ते तिला चालतं. नडतं ते माझं तोंड. ह्याच तोंडाचे पटापट पापे घ्यायची ही मुलगी! बाई म्हणाल्या, जवळच्या माणसांचाच आवाज जास्त खुपतो, प्रेमाशी संबंध नाही. डोक्याला पटलं. बाकीच्याला पटायचंय अजून.

आमच्या भावजींचं मत तुला न सांगता कळेल: दोन द्या ठेवून. शाळेत परीक्षेपुरती जागा बदलून मागितली तर "आजारांच्या यादीत दाखवा." डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकन यादीत, तो वेगळा आजार म्हणून नाही, हे खरंच आहे. पण २०२२ मध्ये तज्ज्ञांनी मिळून मिसोफोनियाची व्याख्या ठरवली. ती छापून दिली, बाईंचं पत्र जोडलं, आणि मी टेबलावरून हललेच नाही. मिळाली जागा, भिंतीकडेची.

गोळी नाही ह्यावर. समुपदेशन चालू आहे, त्याने बऱ्याच जणांना फरक पडतो. जेवताना मंद गाणी लावतो. ती कोपऱ्यात, माझं तोंड दिसणार नाही अशी बसते, आणि मध्येच उठली तर "कुठे चाललीस?" विचारायचं नाही. ह्यांच्या पोटात तेवढा प्रश्न मावत नाही. कानात बोळे दिवसभर नकोत म्हणाल्या बाई, त्याने कान आणखी हळवे होतात.

तुझी बदली झाली ना? घर लागलं का? नीरजच्या निकालाचं कळलं, शाबास म्हण त्याला. सविस्तर नंतर विचारते, खरंच.

आता काम. ईराला तुझ्याबद्दल सांगितलं, फणीसकट. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "मग मावशी तुझ्याशी परत बोलायला कशी लागली?" मला सांगता येईना. तू कशी लागलीस गं? तिला तुझ्याशीच बोलायचंय, पण फोनवर लोकांचा श्वास ऐकू येतो म्हणून ती पत्र लिहिणार आहे. आधी तिला उत्तर दे. मला नंतर दिलंस तरी चालेल.

तुझी,
मंदा