इस्तंबूलहून आई-बाबांना

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

मी नीट पोचले, रूम चांगली आहे, काळजी करू नका. आई, जेवणाचं आधी सांगते कारण तू तेच विचारणार. मसूर डाळीचं सूप इथं कुठल्याबी छोट्या हॉटेलात मिळतं, वरून लिंबू पिळायचं, सोबत पाव. कधी कधी त्यात मटणाचं पाणी घालतात म्हणून मी आधी विचारून घेते. लातूरच्या माणसाला डाळ मिळाली की झालं. चहा मात्र बिनदुधाचा, कंबरेत बारीक अशा काचेच्या ग्लासात, दिवसभर चालूच असतो.

बाबा, तुम्हाला सांगायचंय ते वेगळंच आहे. आया सोफिया, म्हणजे आधी चर्च असलेली इथली जुनी मशीद, बघायला सगळे जातात, मीबी गेले, 537 साली पूर्ण झालेली ती इमारत, आत गेलं की मान खाली घ्यावी वाटत नाही. पण माझा जीव अडकला तो तिथनं जवळच जमिनीखाली जे आहे त्यात. येरेबातान म्हणतात, पाणी साठवायची टाकी. टाकी म्हणायची खरी पण 52 पायऱ्या उतरून गेलं की अंधारात खांबच खांब, 336 खांब, एकेक 9 मीटर उंच, वर विटांच्या कमानी. सहाव्या शतकात जस्टिनियन या रोमन बादशहानं बांधली, पाणी शहराबाहेरच्या जंगलातनं उंच कमानींवरच्या पाटानं आणायचे, आणि साठा किती तर साधारण 8 कोटी लिटर.

मी तिथंच उभ्या उभ्या हिशोब केला. 2016 ला मिरजेहून आपल्याकडं रेल्वेनं पाणी यायचं, पन्नास डब्यांच्या गाडीत 25 लाख लिटर. तशा 32 गाड्या या एका टाकीत बसतात. त्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलेलं आणि तुम्ही रात्री उठून टँकरला नंबर लावायचे, आई धुण्याचं पाणी संडासला जपून ठेवायची, सगळं डोळ्यासमोर आलं, मला रडूच आलं बघा.

आता तळाला थोडंसंच पाणी ठेवलंय. वरनं एखादा थेंब पडतो आणि खांबाची सावली हलते. एका कोपऱ्यात दोन खांबांखाली दगडात कोरलेली बाईची तोंडं आहेत, केसांच्या जागी साप, एक उलटं, एक आडवं. जुन्या इमारतींचे दगड आणून इथं वापरलेत.

आणि एक ऐका. मधी कितीतरी वर्षं ही टाकी बाहेरच्यांना माहीतच नव्हती. सोळाव्या शतकात पिएर जिल नावाचा फ्रेंच अभ्यासक आला तर त्याला दिसलं की लोक आपल्या घरातनंच बादली खाली सोडून पाणी काढतात, मासेबी धरतात, आपल्या जुन्या वाड्यातल्या आडासारखं. मग तो नावेत बसून, मशाली घेऊन आत फिरला.

आपल्याकडंबी हे होतंच की, मलिक अंबरनं डोंगरातलं पाणी नहर काढून औरंगाबादेत आणलंच होतं. पाणचक्की तुम्हीच मला दाखवली होती लहानपणी, म्हणून हे सगळं तुमच्याबरोबर बघायचं होतं.

शहराच्या मधनं जाणाऱ्या बॉस्फरस सामुद्रधुनीत बोटीत बसलं की वीसेक मिनिटात युरोपातनं आशियात, चहा पीत पीत. आईला ते लई आवडंल, पायऱ्या पण नाहीत फार.

तुमच्या दोघांचे पासपोर्ट काढायचेत. आधारकार्डाचे फोटो व्हॉट्सॲपवर टाका, आणि आईची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर एकच आहे का ते आधी बघा.

तुमची लेक