मासे विकणारी बाई ‘गृहिणी’ कशी? मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी दापोली तालुक्यातल्या एका बंदरावरची. माझी आई चाळीस वर्षं मासळी विकते. संध्याकाळी लिलावात दलाल आकडा पुकारू लागला की ती आधी पाटीत हात घालते, वरच्या चार कोळंब्या बाजूला सारते आणि खालचा माल बघते. वरचा थर नेहमीच मोठ्या कोळंबीचा असतो. मग बोली. घेतलेला माल रात्री बर्फात आणि सकाळच्या एसटीने दापोलीच्या बाजारात. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या. तेव्हा घर चालतं ते तिने उन्हाळ्यात सुकवून ठेवलेल्या बोंबलांवर आणि जवळ्यावर.

गेल्या वर्षी तिच्या कर्जाच्या अर्जासाठी आम्ही एका कार्यालयात गेलो. कारकुनाने विचारलं, व्यवसाय? आई म्हणाली, “म्हावरं.” त्याने विचारलं, होडी कोणाच्या नावावर? नवऱ्याच्या. त्याने शांतपणे लिहिलं : गृहिणी. रिकामी पाटी तिच्या पायाशीच होती, वास त्यालाही येत असणार!

माणूस वाईट नव्हता. आईला मावशी म्हणाला, बसायला खुर्ची दिली. लिंगभेद म्हटलं की आपल्याला शिवीगाळ, मारझोड आठवते. इथे तर कोणी आवाजही चढवला नाही. जाळं टाकणारा तो मच्छीमार, आणि मासळी निवडणारी, सुकवणारी, विकणारी ती त्याला मदत करणारी, हे त्याने कोणाला विचारलं नाही, कारण विचारायचं असतं हेच त्याला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही त्या दिवसापर्यंत नव्हतं. शाळेच्या फॉर्मवर आईच्या नावापुढे ‘घरकाम’ मीच लिहीत आले.

आमच्या शेजारचं मुरूड हे महर्षी कर्व्यांचं गाव. 1893 साली त्यांनी विधवेशी लग्न केलं म्हणून याच गावाने त्यांना वाळीत टाकलं. त्याच्या अकरा वर्षं आधी, 1882 मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषांना रोखठोक जाब विचारला होता. केशवपन, सक्तीचं वैधव्य, मुलींचं शिक्षण यांवर तेव्हा पुष्कळ भांडण झालं. कोळणीचं दुखणं त्यात फारसं आलं नाही. ती तर बाजारात बसते, पैसा तिच्या कनवटीला असतो, तिला कसली मुक्ती हवी, असं अजूनही शिकलेले लोक मला हसत सांगतात. कनवटीला पैसा असतो, हे खरं. पण होडीच्या कागदावर, मच्छीमार सोसायटीच्या सभासद यादीत नाव नवऱ्याचं. तो दर्यात गेला आणि परत आला नाही, तर मग तिचं काय, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

देशातलं पहिलं महिला धोरण आपल्या राज्याने 1994 मध्ये आणलं, चौथं 2024 मध्ये. केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला 40 टक्के आणि महिलेला 60 टक्के अनुदान आहे. चांगलं आहे. पण आमच्याकडे त्याचा अर्थ घरोघर असा लावला जातो : सही तिची, होडी त्याची. एक काकू मला म्हणाल्या, “माजी होडी कंची, ती मला पन दाखवा.”

2025 मध्ये आपल्या सरकारने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. सवलती मिळणार, तर त्या कोणाला, हे ठरवताना एवढं करा : मासळी विकणाऱ्या आणि सुकवणाऱ्या बाईची नोंद मच्छीमार म्हणून, तिच्या स्वतःच्या नावाने घ्या. होडीचा कागद मागू नका. बाजारातली जागा, सुकवणीचे ओटे, बर्फाचा खर्च यांचा हिशेब विचारा. तो तिला तोंडपाठ असतो.

आईचा अर्ज अजून तसाच पडून आहे. व्यवसायाच्या रकान्यातला शब्द खोडून नवा लिहायचा तर नव्याने अर्ज करा, असं सांगितलंय. म्हणजे पुन्हा एक दिवस बाजार बुडणार.

कळावे.

आपली,
एका मच्छीमार बाईची मुलगी