पोटाखालचा पत्रा

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण उजवा तळवा बांधलेला होता. पत्र्याची कापलेली कड कानशीने घासायचा मी कंटाळा केला आणि तिने मला सोडलं नाही. तेव्हा पहिली सूचना ही: हातमोजे घाल आणि प्रत्येक कड घासून घे.

पाँटून बोटीच्या, म्हणजे दोन पोकळ नळ्यांवर तरंगणाऱ्या सपाट बोटीच्या, डेकखाली पत्रा लावणं खरंच गरजेचं आहे का, असं तू विचारलंस. संथ पाण्यात गळ टाकून बसणार असशील तर नाही. उगाच खर्च करू नकोस. पण पोरांना मागे दोरीने ओढत वेगात फिरवायचं असेल, तर लाव. बोट वेग घेते तेव्हा दोन नळ्यांच्या मधून पाणी वर उसळतं आणि डेकखालच्या आडव्या चॅनेलांवर, म्हणजे डेक पेलणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर, आपटतं. प्रत्येक चॅनेल म्हणजे पाण्याच्या वाटेतला उंबरठा. खाली सपाट पत्रा असला की तेच पाणी घसरून मागे निघून जातं. माझ्या बोटीचा वेग ताशी तीनेक किलोमीटरने वाढला, तोही इंजिन पूर्ण जोरात चालवल्यावर. सावकाश चालवताना कणाचाही फरक नाही. मला जास्त आवडला तो आवाजातला बदल. पायाखालची ती सततची फटफट थांबली.

पत्रा अॅल्युमिनियमचाच घे, ५०५२ मिश्रधातूचा, १ मिलिमीटर जाडीचा. माझ्या बोटीला सुमारे ८ चौरस मीटर लागला, म्हणजे जेमतेम २२ किलो वजन वाढलं. लोखंडी पत्र्याचा विचारही करू नकोस. तो तिप्पट जड, शिवाय अॅल्युमिनियमला चिकटून ओला राहिला की त्याच्याशी वैर धरतो, अॅल्युमिनियम खाऊन टाकतो. स्टीलचे स्क्रू आणि अॅल्युमिनियम यांचंही तेच, खाऱ्या पाण्यात तर फारच. म्हणून मी अॅल्युमिनियमचे रिव्हेट वापरले आणि जिथे स्क्रूच हवे होते तिथे स्टेनलेसचे, गंजरोधक पेस्ट लावून.

पत्रे लावायची सुरुवात मागून कर. मी पहिल्यांदा पुढून सुरू केली आणि तीन पत्रे परत उतरवले. कौलं शाकारताना आपण वळचणीकडून आढ्याकडे जातो ना, तसंच. पुढचा पत्रा मागच्याच्या कडेखाली दोन बोटं यायला हवा, म्हणजे मागे धावणाऱ्या पाण्याला फट सापडत नाही. उलट झालं तर तेच पाणी कडेत घुसून पत्रा उचकटतं. सगळ्यात पुढची कड चॅनेलावर दुमडून पक्की कर. पहिला मार तिलाच बसतो.

आता माझी खरी फजिती सांगतो, कारण तुझ्या स्वभावाप्रमाणे तूही तेच करशील. काम संपल्यावर मी सगळ्या फटी सीलंटने बुजवल्या. एक थेंब आत जाणार नाही, या खुशीत होतो. पण पाणी खालून येतच नव्हतं! ते वरून येत होतं, डेकच्या सांध्यांतून, कठड्याच्या बोल्टांच्या भोकांतून, पोहून आलेल्या पोरांच्या ओल्या अंगांवरून. आत गेलं आणि बसलं. हंगाम संपल्यावर बोट वर काढली तर पोटात डुबुकडुबुक. मागचा एक रिव्हेट उडवला आणि धार लागली. डेकच्या प्लायवुडचा एक कोपरा काळा पडला होता. स्क्रूड्रायव्हर टोचला तर लोण्यात शिरावा तसा शिरला.

आता प्रत्येक पत्र्याच्या मागच्या कडेशी १० मिलिमीटरची भोकं आहेत, सांधे सगळे मोकळे. पेट्रोलची नळी जाते तिथे तर मुद्दाम हवा खेळती ठेवली आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साठते, आणि आपण तिच्यासाठी डबा बनवून द्यायचा? त्याच भागातला पत्रा स्क्रूवर ठेव, म्हणजे वायरिंग तपासायला तो उतरवता येईल.

पत्रा चढवण्याआधी अख्खा डेक खालून टोचून बघ. कुजकं लाकूड झाकलंस तर ते तुला दिसणार नाही, एवढंच. पत्रा चॅनेलांनाच ठोक, प्लायवुडला नाही. मध्ये हवा राहू दे. तांब्याचं औषध पाजलेलं प्लायवुड ओलं होऊन अॅल्युमिनियमला टेकलं, तर पत्र्याला खड्डे पडतात. आणि ड्रिलच्या बिटावर टेप गुंडाळून खूण कर. घाईत ड्रिल नळ्यात घुसलं, तर पुढचं पत्र वेल्डिंगवाल्याला लिहावं लागेल.

बोट जॅकच्या भरवशावर ठेवून खाली शिरू नकोस. नळ्यांखाली भक्कम ठोकळे दे. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण ड्रिलचा सगळा चुरा तोंडावर पडतो. माझ्या मिशीत दोन दिवस अॅल्युमिनियम चमकत होतं.

चॅनेलांमधलं अंतर मोजून कळव. बहुतेक बोटींत ते १६ किंवा २४ इंच असतं. २४ निघालं तर एवढा पातळ पत्रा थडथडेल, मध्ये आडवी पट्टी घालावी लागेल. रिव्हेट गन माझ्याकडे आहे, ती घेऊन येतो. पण पाठीवर पडून काम करायची पाळी या वेळी तुझी.

तुझा,
अनंता